बेडकाची कातडी अन् नागपूरचा घाम

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत इम्युनिटी वाढवायला काय काय खायचं याची भली मोठी यादी आली होती, आमच्या घरी ती फ्रिजवर चिकटवली बी आहे. पण शरीराजवळ स्वतःचं काय आहे त्याच्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहून राहिली आहे.

झालं असं की भाचा गाडीवरून घसरला, गुडघा खरचटला, अन् बहिणीने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणल्या, चिठ्ठी कोणी विचारलीच नाही. दोन खाल्ल्या, दोन डब्यात पडून आहेत. मी डॉक्टर नाही, पण झूलॉजीत बीएस्सी केलं आहे, बेडूक कापले आहेत. कातडी आम्ही आधी सोलून फेकायचो. आता हसू येते, कारण खरा माल त्या कातडीतच होता बापा! अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ आफ्रिकन बेडकांवर काम करायचे, ऑपरेशन करून टाके घालून बेडूक परत गढूळ पाण्यात सोडायचे तरी जखम चिघळत नव्हती. त्यांनी कातडी तपासली तर त्यात जिवाणू मारणारे छोटे प्रोटीनचे तुकडे निघाले, त्यांनाच पेप्टाइड म्हणतात. १९८७ मध्ये त्याला मॅगेनिन नाव दिलं, हिब्रूतल्या ढाल या शब्दावरून.

तसलेच पेप्टाइड आपल्यातही आहेत. पांढऱ्या पेशींमध्ये डिफेन्सिन भरून ठेवलेलं असते, कातडीत एलएल-३७ असते (३७ अमिनो आम्लांची साखळी, म्हणून ३७), अन् घामात डर्मसिडिन, जे जर्मनीतल्या लोकांनी २००१ मध्ये शोधलं. म्हणजे मे महिन्यात आपण नागपूरकर ज्याला शिव्या देतो तो घाम! काम कसं चालते तर जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण चार्ज असतो अन् बहुतेक पेप्टाइडवर धन, मग ते जाऊन चिकटतात, पडद्यात घुसून भोकं पाडतात अन् जिवाणूच्या आतलं सगळं गळून जाते. आपल्या पेशी वाचतात कारण त्यांच्या बाहेरच्या बाजूला चार्ज जवळपास नसतोच, शिवाय पडद्यात कोलेस्टेरॉल असते. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याच्या रिपोर्टला आपण घाबरतो. एलएल-३७ तर वरून पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावते बी. हे बनवायला व्हिटॅमिन डी लागते, अन् आमच्याकडे ऊन एवढं की रस्त्याचं डांबर वितळते, तरी माझंच डी कमी निघालं, दिवसभर कूलरसमोर बसल्यावर आणखी काय होणार.

आता कोणी म्हणेल मग जखमेला काहीच लावू नका का, तर तसं नाही. साबणपाण्याने धुवाच. जिवाणूही काही भैताड नाहीत, स्टॅफिलोकोकस आपल्या अंगावरचा ऋण चार्ज कमी करून पेप्टाइडला हुलकावणी देते. अन् शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेसाठी मॅगेनिनपासून मलम बनवलं होतं, त्याला १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने मंजुरी दिली नाही. त्यामुळे शुगर असेल तर पायाची जखम डॉक्टरलाच दाखवा.

भाच्याच्या गुडघ्यावर खपली धरली आहे अन् तो दिवसभर ती उकरून राहिला आहे. डब्यातल्या दोन गोळ्या बहीण "पुढच्या वेळेला कामी येतील" म्हणून जपून ठेवते. तिला मी सांगून थकली, तुमच्या पेपरात छापून आलं तर ऐकेल.

— एक वाचक, नंदनवन, नागपूर