तलावाची आधी मोजणी करा, मग ठेका द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तलावांवरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पेपरात बातमी येते ती हाणामारी झाली की मगच, वाद नेमका कशाचा ते कोणी लिहीत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारांचे (जुन्या जमीनदारांचे) तलाव. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. आता पाणी खालच्या धानाला आणि मासेमारी ठेक्याने आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, संस्थेला, अशी साधारण पद्धत आहे. धानाला पाणी सोडायला आमची कधीच ना नव्हती, पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलंय. भांडण आहे ते तलावाच्या पोटातल्या अतिक्रमणाचं.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, मग वरच्या बाजूला कोणीतरी गाळपेर करतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरतो, दुसऱ्या वर्षी बांध घालतो, तिसऱ्या वर्षी म्हणतो ही माझी वहिवाट. मग पावसाळ्यात तलाव भरला की त्याचं पीक बुडतं, आणि रात्रीतून पाणी सोडलं जातं नाहीतर सांडवा खोदला जातो, आमची बोटुकली, म्हणजे सोडलेली बोटाएवढी माशांची पिल्लं, वाहून जाते. लोकांना वाटतं कडेची एकर-दोन एकर गेली तर काय बिघडलं. पण पहिल्या पावसात मासा चढतो तो त्याच उथळ भागात, मरळीसारखे गावठी मासे अंडी घालतात ते तिथल्याच गवतात, तो भाग नांगरला की गावठी मासा संपला आणि मग दरवर्षी रोहू, कटलाचं बीज विकतच आणावं लागतं.

आणि ठेका? तो कागदावरच्या पूर्ण क्षेत्रावर. आमच्या तलावात पाणी उरलंय निम्म्यात पण पैसे पूर्ण हेक्टरचे भरतो. अतिक्रमणाची तक्रार केली तर ऑफिसात सांगतात आधी मोजणी आणा, मोजणीला गेलो तर म्हणतात तलाव तुमचा नाही, अर्ज मालकाने करावा, आणि मालक तर सरकार! समोरचा तेवढ्यात दिवाणी कोर्टात जाऊन स्टे घेऊन आला. आता वकिलाची फी मासे विकून भरतोय.

सुप्रीम कोर्टाने 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. पतियाळा जिल्ह्यातल्या गावतळ्यावर घरं बांधली होती, वरून पैसे भरून ते कायम करायचंही ठरलं होतं, कोर्टाने ते मोडून काढलं आणि सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायची योजना आखायला सांगितलं. किती वर्षं कब्जा आहे, किती खर्च केला याने अतिक्रमण कायदेशीर होत नाही, असंही म्हटलं. भूमिहीन मजुरांसारख्यांना दिलेला पट्टा मात्र अपवाद ठेवला, आणि ते मलाही पटतं, आमच्यातले बहुतेकजण भूमिहीनच आहेत. पण तलावाचं पोट नांगरणारा भूमिहीन क्वचितच असतो हो, शेजारी दहा एकर असलेलाच पुढे सरकतो.

जंगलातल्या तलावांसाठी तर 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क लिहिलेलाच आहे, तरी किती गावांनी दावा टाकलाय ते बघा.

माझं मागणं एकच आहे. ठेका देण्याआधी सरकारने स्वतःच्या खर्चाने तलावाची मोजणी करावी, पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर जातं तिथं हद्दीचे दगड रोवावेत, आणि नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. ठेक्याची रक्कम खरं पाणी असेल तेवढ्यावरच धरावी. दगड असता तर आमची केस उभीच राहिली नसती.

पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. बोटुकली ऑगस्टमध्येच सोडावी लागते.

आपला,
मच्छीमार संस्थेचा एक सभासद, झाडीपट्टी