अठरा पूर्ण झालेल्या आमच्या मुलांना काम हवंय : सांगली-मिरजकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आम्ही सांगली-मिरज परिसरातले पालक. कुणाचा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला), कुणाच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), बऱ्याच जणांच्या मुलांना बौद्धिक अक्षमता. मुलं लहान होती तोवर शाळा, थेरपी, स्नेहसंमेलन असं काही ना काही चालू होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय तो 6 ते 18 वर्षांपर्यंत. पुढे दाखला हातात येतो आणि मूल घरी बसतं. रोज हौसेनं दप्तर भरणारा मुलगा वर्षभरात टीव्हीसमोरून हलेनासा होतो. सुटे पैसे मोजणं, घड्याळ बघणं, अनोळखी माणसाशी बोलणं, इतक्या वर्षांत कमावलेलं सगळं विसरत जातो. त्याच्यापाशी कुणीतरी थांबायला हवं, म्हणून आईची नोकरीही सुटते.

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी 4 टक्के राखीव जागा आहेत, त्यात आमच्या मुलांचाही वाटा धरलेला आहे. पण त्या जागांना लागणारं शिक्षण त्यांच्यापाशी नाही, तेव्हा तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. त्यांना जमेल असं काम इथंच आहे. तासगावच्या बाजूला बेदाणा निवडायला माणसं लागतात. हळदीची पाकिटं भरायची, वजन करायचं, लेबल लावायचं असतं. खानावळीत भाजी निवडायची असते, प्रेसमध्ये कागद मोजून गठ्ठे बांधायचे असतात. तेच ते काम तासन्‌तास न कंटाळता करणारी काही मुलं आमच्याकडे आहेत. शाळेत याच सवयीबद्दल तक्रारी यायच्या!

म्हणून पहिली विनंती व्यावसायिकांना. एका मुलाला महिनाभर, रोज तीन तास तुमच्याकडे काम करू द्या. सोबत आमचा माणूस असेल. तो आधी स्वतः ते काम शिकेल, मग चित्रांच्या तक्त्यावरून एकेक पायरी मुलाला शिकवेल आणि जमायला लागलं की बाजूला होईल. त्या महिन्याचा मेहनताना आम्ही देऊ. पुढे ठेवून घेतलंत तर इतरांना देता तोच दर त्यालाही द्या. नाही जमलं तर तसं सांगा, आम्हाला राग येणार नाही. ‘बिचारा बसू दे कोपऱ्यात’ हे मात्र नको.

दुसरी विनंती बँकेतून, तहसीलमधून, कोर्टातून निवृत्त झालेल्यांना. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. खातं उघडायचं, सही करायची, तर आईवडिलांचा शब्द आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा दाखला घेता येतो. याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. शिवाय यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आहे. शेतमजूर आईनं एकेका कागदासाठी दिवसाची मजुरी किती वेळा बुडवायची? तुम्हाला कुठल्या टेबलावर काय लागतं ते ठाऊक आहे. शनिवारचे दोन तास द्या, अर्ज भरून द्या, जमलं तर सोबत जा.

आता पैशांचं. देणगी तीनच गोष्टींना लागते : काम शिकवणाऱ्या सोबत्यांचा पगार, मुलांची रिक्षा आणि पहिल्या महिन्याचा मेहनताना. ग्रामपंचायत, महापालिकेनं आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, तिथं आम्ही अर्ज करतोच. पण सोबत्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, तो मंजुरीची वाट बघत थांबत नाही. रक्कम कितीही चालेल. एकदम मोठी देणगी देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी दिलीत तर आम्हाला जास्त सोयीचं. आयकरातली सवलत अजून आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. पावती मिळेल, आणि हिशोबाची वही कुणीही येऊन बघावी. व्हॉट्सॲपवर आमच्या नावानं फिरणाऱ्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. खात्याचा तपशील आम्ही समक्षच देतो.

आणखी एक, सरावासाठी खोली हवी आहे. तळमजल्यावर, व्हीलचेअर आत जाईल एवढं दार असलेली, आणि शौचालय आतच असलेली. वापरात नसलेलं दुकान किंवा दुपारी रिकामा असणारा मंडळाचा हॉलही चालेल.

शाळांचे दाखले उन्हाळ्यात मिळतात. त्याआधी मुलांच्या कामाच्या जागा ठरवायच्या आहेत. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात पालकांची बैठक असते. ओळखीच्या कुठल्याही विशेष शाळेतल्या पालकाला विचारा, तो तुम्हाला घेऊन येईल.

आपले,
पालक गट, सांगली-मिरज