फाइलींची नावं गाळणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अपडेटनंतर ४१२ फोटोंची फाइलनावं दिसेनाशी होणं, आणि त्यावर तुमच्या विभागाने दिलेला घातक सल्ला

महोदय,

तुमचं फोटो सांभाळण्याचं सॉफ्टवेअर मी सहा वर्षं पैसे भरून वापरते आहे. गेल्या महिन्यातलं अपडेट घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडली, तर अनेक थंबनेलांखालची (फोटोंच्या छोट्या चित्रांखालची) जागा कोरी होती. फोटो जागेवर होते, अल्बम जागेवर होते, फक्त नावं नव्हती. माहितीच्या चौकटीतही ‘फाइलनाव’ या शब्दापुढे काहीच नव्हतं. नावाप्रमाणे क्रम लावला की हे सगळे फोटो एका गठ्ठ्यात वर येतात, म्हणून मोजता आले: ३,८६० पैकी ४१२.

या नावांना मी इतकी का धरून बसले आहे, ते आधी सांगते. हे कॅमेऱ्यातून आलेले फोटो नाहीत. कॅमेरा चार अक्षरं आणि चार आकडे जोडून नाव देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू करतो. तसलं नाव गेलं तर माझं काही अडत नाही. हे घरातले जुने कागदी फोटो आहेत, मी स्कॅन केलेले. त्यांच्या आत तारीख आहे ती स्कॅन केल्याच्या दिवसाची, त्यामुळे तारखेने लावले तर चाळीस वर्षांचे फोटो दोन-तीन रविवारांत जाऊन बसतात. फोटोत कोण आहे हे फक्त फाइलच्या नावात आहे. आई शेजारी बसून सांगायची आणि मी टाइप करायचे. एका फोटोत पायऱ्यांवर तिघी उभ्या आहेत. त्याचं नाव आधी ‘पायऱ्यांवर – आई, मोठी मावशी, ओळख पटली नाही’ असं होतं. तीन आठवड्यांनी आईला एकदम आठवलं, आणि आम्ही ते बदलून ‘पायऱ्यांवर – आई, मोठी मावशी, शिवणकाम करणाऱ्या बाई’ असं केलं. आता विचारायला आई नाही.

तुमच्याकडे तक्रार करण्याआधी मला सुचलं ते सगळं मी केलं होतं. ‘थंबनेलखाली नाव दाखवा’ ही खूण लावलेली आहे. नसती तर बाकीच्या ३,४४८ फोटोंची नावंही दिसली नसती. तुमचं सॉफ्टवेअर शीर्षक भरलेलं असेल तर नावाऐवजी शीर्षक दाखवतं, म्हणून तेही पाहिलं. शीर्षक सगळ्यांचंच रिकामं आहे. मग सॉफ्टवेअर बंद करून थेट फोल्डर उघडलं. तिथे ४१२ च्या ४१२ फाइली पूर्ण नावांसह होत्या. जिवात जीव आला. म्हणजे डिस्कवर काही बिघडलेलं नाही, नावं वाचताना तुमचंच सॉफ्टवेअर ती गाळतं आहे. हे सगळं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

त्यावर मला चार उत्तरं आली. सेटिंग तपासा. कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, रिकामी करून थंबनेल पुन्हा बनवा (त्यात एक अख्खी रात्र गेली). फाइली खराब झाल्या असतील. आणि चौथं: लायब्ररी काढून टाका आणि सगळे फोटो नव्याने इम्पोर्ट करा.

या चौथ्या उत्तराचा मला खरा राग आहे. अल्बम, तारांकनं, चेहऱ्यांना दिलेली ओळख हे सगळं तुमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतं, फोटोच्या फाइलीत नाही. लायब्ररी काढून टाकली की सहा वर्षांचं हे काम गेलं. तुमच्या उत्तरात त्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता, आधी बॅकअप घ्या एवढंसुद्धा नव्हतं. मी ते केलं नाही. केलं असतं तरी नावं आली नसती, हे आता मला कळलं आहे.

मी त्या ४१२ नावांची यादी छापून घेतली आणि पेन्सिलने खुणा करत बसले. लांबी सारखी नव्हती, फोल्डर वेगवेगळे होते, स्वल्पविराम काहींत होते, काहींत नव्हते. पण प्रत्येक नावात ‘ऱ’ होता. पायऱ्यांवर, दुसऱ्या, शेजाऱ्यांकडे, किनाऱ्यावर. ‘दुसरा वाढदिवस’ दिसतं आणि ‘दुसऱ्या वाढदिवसाला’ दिसत नाही. तरी घोडं एका ठिकाणी अडत होतं, कारण ऱ असलेली काही नावं नीट दिसतही होती. ती कुठली, हे पाहिल्यावर उलगडा झाला. ती नव्या संगणकावर टाइप केलेली होती. कोरी पडलेली सगळी जुन्या मॅकवरच्या डिस्कवरून आलेली.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ०९३१ हा त्याचा स्वतःचा क्रमांक. दोन, साधा र, म्हणजे ०९३०, आणि त्याला जोडून नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. जुनी मॅक डिस्क नाव साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, आणि युनिकोडच्या नियमानेही ती एकच मानायची असतात. मी नाव दिसणारी एक आणि न दिसणारी एक अशा दोन फाइलींच्या नावातला ‘पायऱ्या’ हा शब्द असे क्रमांक मोजणाऱ्या साधनात टाकला (त्यात काना आणि हलन्तही वेगळे मोजतात): एकाचे ७ भरले, दुसऱ्याचे ८. मग कोऱ्या पडलेल्या एका फोटोची प्रत काढली, तेच नाव नव्या संगणकावर हाताने पुन्हा टाइप केलं आणि ती प्रत लायब्ररीत घेतली. नाव लगेच दिसलं. अशा दहा फाइलींवर करून पाहिलं, दहाही वेळा तेच. अपडेटच्या आधी ही सगळी नावं दिसत होती, तेव्हा बदल तुमच्या बाजूला झाला आहे. फ्रेंच-जर्मनमधल्या चिन्हं लावलेल्या अक्षरांनाही अशीच दोन रूपं आहेत, त्यामुळे हा त्रास एकट्या मराठी ग्राहकांना होत असेल असं मला वाटत नाही.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी थांबले असते. पण धाकट्या भावाला पाठवायला ६० फोटो मी ‘मूळ नाव ठेवा’ हा पर्याय निवडून एक्स्पोर्ट केले. त्यातल्या २३ फोटोंना तुमच्या सॉफ्टवेअरने नुसते अनुक्रमांक दिले, एकही सूचना न देता. भावाने फोन करून विचारलं, ‘ताई, ही माणसं कोण?’ तेव्हा मला कळलं.

माझी मागणी अशी. नावं वाचताना दोन्ही रूपं एकच धरली जातील अशी दुरुस्ती करा आणि ती कधी येणार ते लेखी कळवा. नाव वाचता येत नसेल तर कोरी जागा दाखवू नका, स्पष्ट सूचना द्या. आणि एक्स्पोर्ट करताना नाव मिळत नसेल तर काम तिथेच थांबवून ग्राहकाला विचारा. अल्बम आणि ओळखी न मोडता फक्त नावं डिस्कवरून पुन्हा वाचण्याची सोय हवी. आणि लायब्ररी काढून टाकण्याचा सल्ला आजपासून बंद करा. माझ्यासारखी यादी छापून बसणारी माणसं थोडी असतात. ज्यांनी तो सल्ला मुकाट्याने ऐकला असेल, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून मला झोप लागत नाही.

४१२ नावांची यादी, पडद्याची तीन चित्रं आणि दोन नमुना फाइली झिप करून सोबत जोडल्या आहेत. दोन्हींची नावं वाचायला सारखीच आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. तपासणाऱ्याने त्या उघडण्याआधी नाव बदलू नये, नाहीतर दोष दिसणारच नाही.

आपली,
एक ग्राहक