शिफारस करणाऱ्याने आधी वाचलेले असावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील 'सरत्या वर्षात आम्हाला आवडलेले' हे पान वाचले. त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जी कादंबरी आहे, तिच्याविषयीचा परिच्छेद दिवाळीच्या आधी आपल्याच पुरवणीत शब्दशः छापून आला होता. तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला. काल तोच मजकूर पुन्हा समोर आला आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

'एका छताखाली राहणाऱ्या तीन बहिणींची हसरी, ऊबदार कहाणी' असे आपण तिचे वर्णन केले आहे. आम्हीही तिघी बहिणी. मधली गेल्या फाल्गुनात गेली. थोरली ताई इंदूरला असते, तिला आता ७८वे लागले आहे आणि मधली गेल्यापासून तिचे कशातच मन लागत नाही. हे पुस्तक वाचून तिला जरा बरे वाटेल, म्हणून मी ५५० रुपये आणि वर टपालखर्च भरून ते परस्पर तिच्या पत्त्यावर पाठवले. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "तू वाचलं होतंस का गं हे आधी?" एवढेच तिने विचारले आणि मग ती दुसऱ्याच विषयावर बोलत राहिली.

नंतर मी स्वतःसाठी एक प्रत मागवली. कादंबरी सुरू होते तेव्हा धाकटी बहीण जाऊन चार महिने झालेले आहेत. उरलेल्या दोघी तिचे कपाट आवरायला बसल्या आहेत, आणि पहिली साठ पाने त्या उघड्या कपाटासमोरच घडतात. इस्त्री करून ठेवलेल्या पोलक्यांचे काय करायचे, यावरून दोघींचे भांडण होते, ते मी दोनदा वाचले, इतके ते खरे उतरले आहे. कादंबरी चांगलीच आहे, तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु तीन बहिणी एका छताखाली राहतात, असे पुस्तक उघडून पाहिलेला माणूस कधीही लिहिणार नाही. तसे लिहिलेले आहे ते फक्त मलपृष्ठावर, आणि आपल्या शिफारसकर्त्याने तेच जसेच्या तसे उतरवून, वर 'आम्हाला आवडलेले' असा शिक्का मारला आहे. न वाचता भेट पाठवण्याची चूक माझीही झाली, हे मी ताईजवळ कबूल केले आहे. आपल्याकडून मात्र त्याच परिच्छेदाची पुनरावृत्ती झाली.

दांडिया बाजारातील ज्या मराठी वाचनालयाची मी १९८१पासून वर्गणीदार होते, तेथे देवघेवीच्या टेबलामागे बसणारे एक काका होते. पुस्तक हाती देण्यापूर्वी ते मागच्या पुस्तकाविषयी विचारत, उत्तर नीट ऐकून घेत, आणि मग कधी पुढे केलेले पुस्तक मागे घेऊन दुसरे देत. माझे वडील गेले त्या वर्षी मी एक गाजलेले आत्मचरित्र मागितले, तेव्हा "हे आत्ता नको, पावसाळ्यानंतर न्या," असे म्हणून त्यांनी ते परत कपाटात ठेवले. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर ते पेन्सिलने बारीक अक्षरात लिहीत, 'पान ४०पर्यंत दम धरा.' सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ज्या बडोदे संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, ज्या संस्थानातून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जात, तेथील वाचकांना कोणते पुस्तक कोणाच्या हाती द्यावे, ही जोखमीची गोष्ट आहे हे वेगळे सांगावे लागू नये.

आपण मला विचारले असते, तर मी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' सुचवली असती. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, एवढ्यावरून मी ती कोणाच्या गळ्यात मारणार नाही. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत जातो, अशी ती गोष्ट आहे. सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती डभोई आणि वाघोडिया तालुक्यांत आपल्या इतक्या जवळ असताना बडोदेकराला ती वेगळीच भिडते. भाषा कोल्हापूरकडची आहे, सुरुवातीला अडखळायला होते, तेव्हा घाईने वाचू नये.

चित्रपटांचेही तसेच. 'साबर बोंडं'विषयी आपण अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवाच्या पारितोषिकापलीकडे एक अक्षर लिहिलेले नाही, आणि ती बातमी तर २०२५च्या सुरुवातीलाच सर्वांनी वाचली होती. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि तेथील त्याचा बालमित्र यांच्यातील प्रेमाची ती गोष्ट आहे, ती फार संथ आणि हळुवारपणे सांगितली आहे, हे कळले तर ज्याला पाहायचा तो मन तयार करून जाईल. मी तो ठाण्याला भाचीकडे गेले होते तेव्हा पाहिला. बडोद्यात तो कोठे, कोणत्या खेळाला पाहता येईल, हे छापणे आपल्याला अवघड नव्हते.

ध्वनिमुद्रणांच्या यादीत तर केवळ गायकांची नावे आहेत. राग कोणता, तबल्यावर आणि पेटीवर कोण, ख्याल किती मिनिटांचा, यांपैकी काहीच नाही. मौलाबक्षांनी १८८६मध्ये जेथे गायनशाळा काढली आणि फैयाज खाँसाहेब जेथे दरबारगायक होते, त्या गावात आजही हे विचारणारे श्रोते आहेत.

माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे प्रत्येक शिफारशीखाली ती करणाऱ्याचे नाव छापावे. आणि त्या कादंबरीवरचा परिच्छेद ज्यांनी दिला, त्यांनी आता ती वाचावी व धाकट्या बहिणीच्या कपाटाविषयी त्यांना काय वाटले ते चार ओळींत कळवावे. संक्रांतीला मी इंदूरला जाणार आहे. ते पत्र मी ताईला वाचून दाखवीन.

आपली,
एक जुनी वाचक, दांडिया बाजार, बडोदे