घाट रोडच्या लेथवाल्या काकांना

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सातवीच्या पोरांचं आकारानुसार संत्री वेगळी करणारं यंत्र अडलं. मोटर फिरतेय, पट्टा ढिम्म! शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, ६ मिमीचा; मोटर आणि पट्टा जोडणाऱ्या कपलिंगचं भोक ८ मिमीचं. खरेदी माझी, चूकही माझीच. सीताबर्डीचा बाजार पालथा घातला, जुळतं कपलिंग मिळालं नाही.

तुम्ही शटर अर्धं ओढलं होतं. पोरं पाहून परत वर केलं. व्हर्नियर एका मुलीच्या हातात देत म्हणालात, "माप तू घे, मग मी काततो." तिनं तीनदा मोजलं. तुम्ही घाई केली नाही. मग भोकात बसणारा पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, कातला, स्क्रूसाठी भोकही पाडलं. पैसे घेतले नाहीत. चकाकता पितळी कीस मात्र पोरांनी कागदात बांधून आणला.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. काका, पट्टा फिरला. मनापासून आभार.