निसर्गचित्रांना फ्रेमच खाते आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बेळगावच्या वास्तववादी निसर्गचित्रणाचा विषय निघाला की चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि त्यांच्या चित्रमंदिर या कलाशाळेचे नाव येतेच. १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. या परंपरेतली लहानमोठ्या चित्रकारांची कितीतरी जलरंगचित्रे आजही शहापूर, टिळकवाडीच्या घरांत आहेत. हलगा-मच्छे बायपास भातशिवारात घुसला, खानापूर रस्त्याची जुनी झाडी रुंदीकरणात गेली. ते शिवार आणि ती सावली आता या कागदांवरच पाहायची. आणि ते कागद आपण भिंतीवर टांगून कुजवतो आहोत.

दोष बहुतेक वेळा फ्रेमचा असतो. चित्र खळ लावून हार्डबोर्डवर सपाट चिकटवतात आणि वर थेट काच ठेवतात. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दमट हवेचे पाणी धरते, रंग काचेला चिकटतो, खळीवर बुरशी आणि कसर पोसली जाते. मागच्या पुठ्ठ्यातले आम्ल कागद पिवळा करते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कोरा ठेवलेला कागद हाच पांढरा. त्यामुळे कागद पिवळा पडला की ढगाची कड आणि वाफ्यातल्या पाण्याची चकाकी आधी जाते. मग चित्र 'जुने' दिसते म्हणून आपण कौतुक करतो!

फ्रेम नव्याने करताना आम्लरहित पुठ्ठाच मागावा. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ हातकागदाच्या पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावून टांगते ठेवावे. चारही बाजू चिकटवल्या तर ओल धरून फुगलेला कागद मध्येच उचलला जातो. सेलोटेप नकोच, त्याचा डिंक कागदात उतरतो. काच आणि चित्र यांत माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचे, अंतर हवे. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीकडून हवा खेळते. पश्चिमेची पाऊस झोडपणारी भिंत आणि थेट ऊन, दोन्ही टाळावीत. हार्डबोर्डला पक्के चिकटलेले चित्र मात्र घरी ओढून काढू नये, ते तज्ज्ञाचे काम आहे. तैलचित्रांवर जवसाचे तेल फिरवण्याची सवयही मोडावी. ते पिवळे पडते आणि धूळ धरून ठेवते.

वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, घरोघरच्या चित्रांची तपासणी ठेवता येईल. फ्रेम उघडलेलीच असते, तेव्हा मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नोंद करावी: चित्रकार, गाव, तोंड कुठल्या दिशेला, हंगाम. 'निसर्गदृश्य' एवढेच लिहून भागत नाही. 'येळ्ळूर शिवार, समोर राजहंसगड, भात पोटरीत' असे लिहावे. बॉलपेन वापरू नये, शाई पुढे उमटते.

आपले,
काही चित्रकला शिक्षक, बेळगाव