नळी लावून घरी पाठवता, मग घास कसा शिकवायचा तेही सांगा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी मुलगी गरोदरपणाच्या २९व्या आठवड्यातच झाली. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास जमायला लागतो, म्हणून नाकातून नळी टाकली, ते बरोबरच होतं, त्या नळीवरच ती जगली. पण घरी सोडताना नळीतून दूध कसं सोडायचं एवढंच शिकवलं, नळी निघणार कशी हे कोणी बोललंच नाही आणि दीड वर्षाची झाली तरी नळी तशीच.

मग जो येईल तो म्हणे नाक दाबा, तोंड उघडेल. सासूबाई मायेनेच "खाय व माय, एक घास" म्हणत चमचा कोंबायच्या आणि मीही तेच केलं, आठवलं की अजून पोटात कालवतं. एकदा पाणी श्वासनलिकेत गेलं, न्यूमोनिया झाला, आठ दिवस ॲडमिट. त्यानंतर चमचा नुसता दिसला तरी ओकायची. जन्मापासून जिच्या तोंडाशी नळ्या आणि चिकटपट्ट्याच आल्या ती घाबरणारच ना.

शेवटी पाचोऱ्याहून रेल्वेने नाशिकला स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे, दर पंधरा दिवसांनी; बोलण्यासारखंच गिळणंही त्याच शिकवतात. त्यांनी आधी गिळणं सुरक्षित आहे का ते तपासून घेतलं, मग सांगितलं की आपण तोंडात काहीच घालायचं नाही. आम्ही जेवायला बसलो की तिला मांडीवर घ्यायचं, नळीतून दूधही तेव्हाच, म्हणजे ताटाचा वास आणि पोट भरणं याची सांगड बसते. समोर कुस्करलेलं केळं, नागलीची घट्ट पेज, खेळू दे, सांडू दे. तिला पाण्यापेक्षा घट्ट पेज सोपी, पातळ झरकन घशात घसरतं. दोन महिन्यांनी तिने केळ्याचं बोट स्वतःच चाटलं, सासूबाई रडायलाच लागल्या! पुढे डॉक्टरांनी वजन बघत बघत नळीतलं दूध कमी केलं, भूकच नाही लागली तर खाईल कशाला. नळी निघायला अजून पाच महिने गेले. आता वरणात कुस्करलेला भात खाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या केंद्रात स्पीच थेरपिस्टचं पद धरलेलंच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारला तिथे नळीवरच्या मुलांसाठी आठवड्याचा एक वार ठरवा आणि डिस्चार्जच्या कागदावरच तो वार लिहून द्या. रोजंदारी बुडवून नाशिक गाठणं प्रत्येक आईला जमत नाही.

– एक आई, ता. पाचोरा, जि. जळगाव